संगणकातील सॉफ्टवेअरची जागा इंटरनेट घेणार का?

पत्र लिहायचे, हिशेब मांडायचा किंवा छायाचित्र सुधारायचे तर पूर्वी सॉफ्टवेअरची सीडी आणून ते संगणकात बसवावे लागे. आता यातली बरीच कामे ब्राऊजर उघडून करता येतात. त्यामुळे डेस्कटॉप सॉफ्टवेअरचे दिवस भरले, असे भाकीत गेली वीस वर्षे वर्तवले जात आहे. ते अर्धेच खरे ठरले.

वेबवर काम करताना प्रत्येक क्लिकनंतर संपूर्ण पान नव्याने उतरवून घ्यावे लागे, ही सुरुवातीची मोठी अडचण होती. पानाचा हवा तेवढाच भाग बदलणारे तंत्र १ एप्रिल २००४ रोजी आलेल्या जीमेलने घरोघरी पोहोचवले. पुढच्या वर्षी त्याला 'एजॅक्स' हे नाव मिळाले. २००६ मध्ये गुगलने 'रायटली' ही सेवा विकत घेतली आणि तिच्यातून गुगल डॉक्स आकाराला आले. मूळच्या चेन्नईच्या झोहोचे 'रायटर' त्याआधीच, २००५ मध्ये आले होते, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

तरीही डेस्कटॉप हटलेला नाही. करसल्लागाराच्या कार्यालयात जीएसटीचे विवरणपत्र संकेतस्थळावर भरले जाते, पण त्यामागचे हिशेब बहुधा संगणकात बसवलेल्या टॅलीमध्येच असतात. चित्रफितींच्या संपादनात फायली इतक्या अवजड असतात की त्या इंटरनेटवर चढवण्यातच दिवस जावा. मराठी अक्षरजुळणीची अडचण आणखी वेगळी आहे. पुण्यात तयार झालेल्या 'श्रीलिपी'सारख्या सॉफ्टवेअरचे युनिकोडपूर्व फॉन्ट वापरून जुळवलेला मजकूर ब्राऊजरमध्ये निरर्थक अक्षरांच्या रूपात उमटतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर आणि मग मुद्रितशोधन, असा दुहेरी खटाटोप त्यासाठी करावा लागतो.

दोहोंमधली सीमारेषाही पुसट झाली आहे. 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' संगणकात बसवावे लागते, पण त्याच्या आत ब्राऊजरचेच यंत्र चालते. उलट, एकेकाळी ताकदवान संगणकाशिवाय चालणार नाही असे वाटणारे फोटोशॉप २०२३ पासून ब्राऊजरमध्येही उपलब्ध आहे.

खरा बदल मालकीत झाला. अॅडोबीने २०१३ मध्ये आपली नवी प्रमुख सॉफ्टवेअर कायमची विकणे थांबवून वर्गणी सुरू केली. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची एकरकमी आवृत्ती अजून मिळते, परंतु कंपनीचा सारा भर वर्गणीवर आहे. भाड्याच्या घराची किल्ली घरमालकाकडेही असते. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जीच्या सेवा रोखल्या. कर्मचाऱ्यांना स्वतःचेच ईमेल उघडता येईनात. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या उद्योगाची ही गत, तर छोट्या व्यावसायिकाने काय करावे?

त्याने निदान आपल्या फायलींची प्रत जवळ ठेवावी. गुगलच्या 'टेकआऊट' सुविधेने खात्यातील मजकूर एकत्रित उतरवून घेता येतो. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल मजकुरासह काढून टाकू शकते. हे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आले आहे. घरातील ज्येष्ठांची खाती या दृष्टीने एकदा तपासून घ्यावीत.