ई-रीडरमधला मराठवाडा

व्याख्यान संपलं की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. किंडल घ्यावं का? आणि घेतलं तर त्यावर मराठी पुस्तकं मिळतात का? प्रश्न दोन आहेत, पण लोक पहिल्याचं उत्तर घेऊन घरी जातात आणि दुसरा तसाच राहतो. आज आम्ही क्रम उलटा करणार आहोत. आधी पुस्तकं, मग यंत्र. कारण यंत्र कोणतंही घ्या, त्यात काय सापडेल आणि काय सापडणार नाही हे बऱ्याच अंशी आपल्या इतिहासाने आधीच ठरवून ठेवलेलं आहे.

सुरुवात थोडी लांबून करू. १९७१ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने एक मजकूर संगणकावर टाइप केला आणि इतरांसाठी मोकळा ठेवला. प्रोजेक्ट गुटेनबर्गची सुरुवात तिथे झाली. मजकूर कोणता होता? अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. त्यावर कोणाचाच हक्क नव्हता, म्हणून त्याला कोणाची परवानगी लागली नाही. बघा, ई-पुस्तकांच्या जगाचा पहिला नियम इथेच दिसतो: जे मोकळं असतं ते आधी येतं.

मग मोकळं कधी होतं? आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क राहत असे. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले. त्यांच्या साहित्याचे हक्क १९९१ च्या अखेरीस संपत आले तेव्हा मुदत ६० वर्षांची करण्यात आली. ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. त्यामुळे साने गुरुजी (मृत्यू १९५०) २०११ पासून मोकळे झाले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१९५६) २०१७ पासून आणि इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकर (१९६३) २०२४ पासून. अर्थात हे हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाबद्दल. मरणोत्तर छापलेल्या लेखनाची गणना छपाईच्या वर्षापासून होते.

आता हाच नियम मराठवाड्याला लावून बघू. अंबाजोगाईचे मुकुंदराज, नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ यांचे मूळ शब्द सर्वांचेच आहेत. (आधुनिक संपादकाच्या टीपा आणि प्रस्तावनेवर मात्र वेगळा हक्क असू शकतो.) म्हणजे आपलं जुनं साहित्य कोणत्याही यंत्रात फुकट येऊ शकतं.

पण आधुनिक काळात काय झालं? मुंबईत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये सुरू झाला. मुंबई-पुण्याकडे कादंबरी, नियतकालिकं, निबंध यांचं पीक येत होतं, तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. कारभार उर्दूत होता आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू होतं. मराठी वाचनालय चालवणं हीच इथे एक चळवळ होती. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं, १९५० मध्ये बाबासाहेबांनी इथे महाविद्यालय काढलं, १९५८ मध्ये विद्यापीठ आलं. पुढे गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ याच शहरातून निघू लागलं. म्हणजे मराठवाड्याचं आधुनिक मराठी लेखन मोठ्या प्रमाणात बहरलं ते १९४८ नंतर.

आता हिशेब करा. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले. ते केव्हाच मोकळे झाले. नरहर कुरुंदकर १९८२ मध्ये गेले. त्यांचं लेखन २०४२ च्या अखेरपर्यंत हक्काखाली. अनंत भालेराव १९९१ मध्ये गेले, म्हणजे २०५१. पानतावणे २०१८ मध्ये गेले, म्हणजे २०७८. कायदा सर्वांना सारखाच आहे, पण ज्या प्रदेशाला उशिरा लिहायला मिळालं तो प्रदेश ई-रीडरमध्येही उशिराच पोहोचतो. कायद्यापुढची समानता आणि परिणामांची समानता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. इथे ती गोष्ट पडद्यावर दिसते.

तुम्ही म्हणाल, फुकट नको, विकत द्या. विकत मिळतात, पण नवी जास्त. किंडलने मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तकं अधिकृतपणे आणली ती डिसेंबर २०१६ मध्ये. मधल्या दोन-तीन दशकांतल्या पुस्तकांची अडचण निराळी आहे. ती जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर मराठीऐवजी अगम्य चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण छपाईचा व्यवसाय तिकडे वळायला बराच काळ गेला. जुनी फाइल युनिकोडमध्ये आणायची तर रूपांतर करावं लागतं आणि मग पुन्हा मुद्रितं तपासावी लागतात. छोट्या प्रकाशकाला हा खर्च जड जातो.

हे आपल्या इतिहासात पहिल्यांदा घडत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. पोथ्या मठांत सुरक्षित होत्या, पण किल्ली पंथाबाहेर कोणाकडे नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी लिपीची उकल केली तेव्हा कुठे ‘लीळाचरित्रा’सारखा ग्रंथ सर्वसाधारण वाचकाकडे येण्याची वाट मोकळी झाली. महानुभावांनी कुलूप समजून-उमजून घातलं होतं. आपण मात्र फॉन्टचं कुलूप नकळत घालून बसलो आहोत.

आणखी एक कुलूप दुकानदाराचं असतं. विकत घेतलेलं ई-पुस्तक बहुधा तुमच्या मालकीचं नसतं, तुम्हाला वाचण्याचा परवाना मिळालेला असतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या आणि ‘ॲनिमल फार्म’च्या काही विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून दूरवरून काढून घेतल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, म्हणून. पैसे परत मिळाले, पण कपाटातलं पुस्तक असं जात नाही.

आता यंत्राकडे येऊ. ई-इंकच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या सूक्ष्म कणांची हालचाल होते आणि वीज मुख्यतः पान बदलताना लागते. म्हणून डोळ्यांना कागदासारखं वाटतं आणि चार्जिंग कित्येक दिवस टिकतं. नव्या कादंबऱ्या विकत घेऊन वाचायच्या असतील तर सहा-सात इंची यंत्र पुरतं. पण आपला बराचसा जुना साठा स्कॅन केलेल्या पीडीएफचा आहे. साहित्य संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरचे ग्रंथ घ्या, नाहीतर इंटरनेट आर्काइव्हवरची जुनी पुस्तकं घ्या. स्कॅनमधलं अक्षर मोठं केलं तर ओळ पडद्याबाहेर जाते. अशा वाचकाने दहा इंची यंत्र किंवा साधा टॅब्लेट घ्यावा. ईपब फाइलमध्ये मात्र अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. मराठी विकिस्रोतावरून पुस्तकं ईपबमध्ये उतरवता येतात.

पैसे देण्यापूर्वी एक मराठी पान उघडून ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘ऱ्या’ नीट दिसतात का ते पाहा. बाहेरची फाइल त्यात घालता येते का, हेही विचारा. आर्काइव्हवर शोधताना लक्षात ठेवा, एकाच मराठी पुस्तकाचं नाव रोमन अक्षरांत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं. एका स्पेलिंगवर थांबू नका. आणि पुस्तक उतरवलं की मधली पानं गळलेली नाहीत ना, हे चाळून बघा.

शेवटी, आपल्या हातात काय आहे? दोन उदाहरणं देतो. शरद जोशी २०१५ मध्ये गेले. नुसत्या कायद्यावर सोडलं असतं तर त्यांचं लेखन २०७५ संपेपर्यंत बंद राहिलं असतं. पण आपल्याच शहरातल्या जनशक्ती वाचक चळवळीने छापलेली त्यांची पुस्तकं आज विकिस्रोतावर कोणालाही वाचता येतात. हक्कदारांनी मनावर घेतलं की साठ वर्षं थांबावं लागत नाही. दुसरं उदाहरण परभणीच्या बी. रघुनाथांचं. ते १९५३ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत छापलेल्या लेखनाचे हक्क २०१४ पासून मोकळे आहेत. ज्याच्या घरी जुनी प्रत असेल त्याने ती स्कॅन करावी, टाइप करावी. परवानगी कोणाची लागत नाही, लागते ती मेहनत.

तेव्हा ई-रीडर जरूर घ्या. घरात मराठवाड्यातल्या एखाद्या लेखकाच्या हक्काचे कागद असतील, तर तेही एकदा काढून बघा. एवढं सांगून थांबतो.