तिमिरी, बारी आणि मोठा कर्णा

कुंभकोणम् हे गाव मराठी वाचकाला सहसा दोन कारणांनी ठाऊक असते. एक, दर बारा वर्षांनी तेथे भरणारा महामहम्‌चा मेळा. दुसरे, सर टी. माधवराव. १८२८ साली या गावी जन्मलेले हे तंजावरी मराठी गृहस्थ त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांच्याच कुळातील दिवाण बहादूर रघुनाथराव हेही कुंभकोणम्‌चे आणि तेही इंदूरचे दिवाण. बदलीच्या हुकमावर संसार गुंडाळून परमुलखी जाण्याची जी परंपरा आपण चालवीत आहो, तिचे हे दोघे पूर्वज म्हणावयास हरकत नाही. परंतु या खेपेस आम्ही वाचकांस कावेरीकाठी नेऊ इच्छितो ते दिवाणांसाठी नव्हे. अलीकडे सुशिक्षितांच्या बैठकीत एका विषयावर फार आवेशाने मते मांडली जातात. तो विषय म्हणजे घरात संगीत ऐकण्यासाठी घेतलेले पुरुषभर उंचीचे, काही लाखांपासून कोटीपर्यंत किमतीचे ध्वनिवर्धक. एक पक्ष म्हणतो, ही निव्वळ श्रीमंतीची मिरवणूक; आवाज मोठाच हवा असेल तर देवळावरचा कर्णा काय वाईट? दुसरा पक्ष डोळे मिटून म्हणतो, ज्याने ऐकले नाही त्याने बोलू नये. दोन्ही पक्षांनी ‘मोठा’ या शब्दाचा अर्थ तपासून पाहिलेला नाही असे आम्हांस वाटते. तो अर्थ कुंभकोणम्‌च्या परिसरात विसाव्या शतकात एका सुताराने व एका वादकाने मिळून फार चांगला तपासला होता.

नागस्वर हे वाद्य (त्यास नागस्वर म्हणावे की नादस्वर, या वादात आम्ही पडत नाही) मुळात उघड्या आकाशाखालचे. शारंगपाणीच्या किंवा कुंभेश्वराच्या गोपुरातून उत्सवमूर्ती बाहेर पडते तेव्हा पुढे नागस्वराची जोडी, मागे तविल, आणि गंभीरनाटेतील मल्लारी. ही मल्लारी ऐकली की चारही रथवीथींतील माणसांनी समजावे, देव निघाला. म्हणजे गावाला वर्दी देणे हे या वाद्याचे एक मोठे काम होते. आपल्याकडे नगारखान्यावरील सनई-चौघडा हेच काम करी. या कामासाठी जे नागस्वर वापरीत त्यास तिमिरी म्हणत. ते आखूड, त्याची पट्टी चढी, तमिळ वादकांच्या भाषेत साडेचार-पाच कट्टैची. आवाज धारदार, कापीत जाणारा. दूरवर पोचावा म्हणून ते असे केलेले; जवळ बसून ऐकणाऱ्याच्या सुखाचा विचार त्यात नव्हता, कारण जवळ कोणी बसतच नसे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाद्य लहान होते म्हणून ते हळू वाजत नव्हते. आखूड नळीतून चढा स्वर निघतो आणि चढा स्वर कानाला अधिक टोचतो.

कुंभकोणम्‌हून मयिलाडुतुरैकडे, म्हणजे जुन्या लोकांच्या मायावरमकडे, जाताना आडुतुरैजवळ नरसिंगमपेट्टै नावाचे खेडे लागते. नागस्वर घडविणाऱ्या आचारींची येथे पिढीजात वस्ती. याच वाटेवर तिरुवावडुतुरैचा प्राचीन शैव मठ आहे. त्या मठाचे विद्वान टी. एन. राजरत्नम् पिळ्ळै (१८९८–१९५६) हे नागस्वराच्या इतिहासातील सर्वांत मोठे नाव. तोडी रागाचा त्यांचा विस्तार ऐकण्यासाठी लोक रात्रभर बसत. गळ्यातून निघावा तसा आलाप वाद्यातून निघावा, हा त्यांचा ध्यास होता, आणि तिमिरीत तो पुरा होणे कठीण. चढ्या पट्टीत फुंकर सतत ताणलेली. शिवाय शुद्ध मध्यम छिद्रातून नेमका उतरत नसे, वादकाला तो ओठांच्या दाबाने सावरून घ्यावा लागे. नरसिंगमपेट्टैच्या रंगनाथन् आचारींनी नळी लांबविली, तिचा आतला निमुळता पोकळ भाग नव्याने बसविला, छिद्रांच्या जागा पुनःपुन्हा करून पाहिल्या आणि शुद्ध मध्यम वाद्यातच आणला. हे सुमारे अडीच फूट लांबीचे नागस्वर म्हणजे बारी. पट्टी दोन-अडीच कट्टैपर्यंत उतरली. वाद्य मोठे झाले आणि त्याचा आवाज खोल व मृदू झाला.

या कारागिरीतील दोन-तीन बारकावे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. नळीचे लाकूड ‘आच्चा’ या झाडाचे. हा वृक्ष आपल्या परिचयाचा आहे. खानदेशात व विदर्भात आपण ज्यास अंजन म्हणतो तोच हा, भारतातील अत्यंत जड लाकडांपैकी एक. त्यातही ताजे तोडलेले लाकूड चालत नाही. जुन्या घरांच्या खांबांतून, तुळयांतून निघालेले, अनेक दशके वाळून मुरलेले लाकूड आचारी शोधीत असतात. नळीवर बारा छिद्रे. सात बोटांसाठी, उरलेली पाच मेणाने कमीअधिक बुजवून स्वर जुळविण्यासाठी. खाली ‘अनसु’ नावाचे फुलासारखे उमललेले तोंड. वरची जिव्हाळी कावेरीकाठच्या बोरूसारख्या गवताची. तिला ‘सीवाळी’ म्हणतात आणि ती तिरुवावडुतुरैला होते. म्हणजे वाद्याचे सगळे घर दोन-चार कोसांत.

बारीमुळे स्वर उतरला, त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. नागस्वरवादक हा देवळाचा सेवक. मिरवणुकीत चालत वाजवावयाचे, धनिकासमोर उघड्या अंगाने, उपरणे कमरेस बांधून उभे राहावयाचे, ही रीत. गायक मात्र व्यासपीठावर बसे. राजरत्नम्‌नी शेंडी काढून केस राखले, अंगात शेरवानी चढविली, कानांत हिऱ्याच्या कुड्या घातल्या, आणि गवयाप्रमाणे व्यासपीठावर बसूनच वाजवीन असा हट्ट धरला. सुराला साथ देणारे ‘ओत्तु’ हे दुसरे नागस्वर बाजूला ठेवून त्यांनी श्रुतिपेटी घेतली. त्यांच्या स्वभावाविषयी उलटसुलट आख्यायिका पुष्कळ आहेत. त्या येथे नकोत. पण रस्त्यावरच्या तिमिरीचे हे मागणे सभागृहाने मान्य केले असते काय? चार हात अंतरावर बसून दोन-तीन तास ऐकता येईल असे वाद्य हातात असल्यावाचून तो हट्ट चालला नसता, असे आमचे मत आहे. १४ ऑगस्ट १९४७ रोजी तिरुवावडुतुरै मठाचे प्रतिनिधी राजदंड घेऊन दिल्लीस पंडित नेहरूंच्या निवासस्थानी गेले, तेव्हाही नागस्वर राजरत्नम्‌चाच होता.

याच काळात कर्नाटक संगीताच्या सभांतून ध्वनिक्षेपक व लाऊडस्पीकर आले. त्याआधी गवयाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठी चढी पट्टी घ्यावीच लागे. यंत्राने अंतराचे ओझे उचलले, आणि गळे खाली उतरले; नागस्वरही त्यांच्याबरोबर उतरला. ओरडण्याचे काम दुसऱ्याने पत्करले म्हणून बारीला बोलता आले. देवळावरच्या ज्या कर्कश कर्ण्याला आपण शिव्या देतो, त्याचे हे एक ऋण मान्य केले पाहिजे.

आता त्या महागड्या यंत्राकडे वळू. राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली शंकूच्या पडद्याचा जो ध्वनिवर्धक सिद्ध केला, त्याच्याच कुळातील बहुतेक पेट्या आज आपल्या घरांत आहेत. त्या पडद्याने विजेचा शंभरातला एखादा भाग आवाजात बदलतो, बाकीची ऊष्णता. कारण लहान पडद्याची हवेवर पकड बसत नाही. पकड बसविण्याचा जुना उपाय म्हणजे हळूहळू रुंदावत जाणारे तोंड, अर्थात कर्णा. नागस्वराचा अनसु, आपल्या तुतारीचे तोंड, ग्रामोफोनचे फूल, सगळ्यांमागे तत्त्व एकच. पण खर्जाच्या बाबतीत निसर्ग सवलत देत नाही. सेकंदाला चाळीस कंपनांच्या स्वराची लाट हवेत सुमारे अठ्ठावीस फूट लांब असते, आणि एवढ्या लाटेला हाताळावयाचे तर यंत्राला आकार हवाच. पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली विक्रीस आणलेला कर्णा कपाटाएवढा होता आणि तरीही अपुरा. म्हणून त्यांनी तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवावयास सांगितला, म्हणजे दोन भिंतीच कर्ण्याचा पुढचा भाग होतात. तो आजही बनतो. उलट इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांनी १९५७ साली पातळ पत्र्यासारख्या विद्युत्-पडद्याचा ध्वनिवर्धक काढला. तो खर्जात उणा, पण गळ्याच्या आवाजात इतका निर्मळ की त्याचे भक्त अजून आहेत.

तेव्हा मोठा ध्वनिवर्धक घ्यावयाचा तो मोठ्याने ऐकण्यासाठी नव्हे. तविलाच्या डाव्या तोंडाचा घुमारा, तंबोऱ्याच्या खर्जाची तार, हे हळू आवाजातही अंगभर ऐकू यावे, यासाठी त्याचा आकार खर्ची पडतो. एवढे मान्य केल्यावर आम्ही दुसऱ्या पक्षालाही एक शब्द सांगू. किमतीचा मोठा भाग काही मर्यादेनंतर लाकडाच्या झिलईवर आणि नावावर जातो, आणि दहा बाय बाराच्या सरकारी क्वार्टरमध्ये अठ्ठावीस फुटांच्या लाटेला धड उभे राहावयासही जागा नसते. मग ती भिंतींवर आपटून एका कोपऱ्यात फुगते आणि दुसऱ्यात नाहीशी होते. शिवाय दर तीन वर्षांनी ही पेटी मालगाडीत चढवावयाची! खोली पाहून वाद्य निवडावे, हे सोलापूरकडे लोकांना फार पूर्वी कळले होते. तेथील जाधव घराण्याने जोपासलेली सुंदरी ही सनईहूनही आखूड, जेमतेम वीतभराहून थोडी मोठी, आणि बैठकीत तिचा गोडवा काही कमी पडत नाही.

बारीच्या यशाची किंमत तिमिरीने दिली. आज वादक बारीच मागतात. तिमिरी घडविण्याचे प्रसंग थोडे. मिरवणुकीतही आता बारीच चालते, आणि उघड्या रस्त्यावर तिचा खोल स्वर तिमिरीइतका दूर जात नाही. ती उणीव भरून काढावयास गाडीवर बांधलेला लाऊडस्पीकर असतो. रात्री दहानंतर तो बंद ठेवावा असा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. नरसिंगमपेट्टैच्या नागस्वराला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी हे काम हातात असलेली घरे थोडीच उरली आहेत. त्यांची मुख्य चिंता लाकडाची आहे. जुनी कौलारू घरे पाडली जातात तेव्हा त्यांच्या तुळया कोणी विकत घेण्याआधी आपण पोचावे, म्हणून आचारी गावोगाव चौकशी करीत असतात.