धावणे न जमणाऱ्यांचा इतिहास

१/
२० जुलै १९८४. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, हार्डविक गावाच्या रस्त्यावर जिम फिक्स हे ५२ वर्षांचे लेखक रोजच्या धावेदरम्यान कोसळले आणि मरण पावले. असंख्य अमेरिकनांना धावण्याची गोडी लावणाऱ्या पुस्तकाचे ते कर्ते होते. त्यानंतर अवघ्या १६ दिवसांनी, ५ ऑगस्टला, जोन बेनॉइट यांनी लॉस एंजेलिसमध्ये स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकली. त्यांच्या गुडघ्यावर एप्रिलच्या अखेरीसच शस्त्रक्रिया झाली होती.

२/
हृदय निरोगी ठेवायचे तर धावलेच पाहिजे का? आणि गुडघा, वय किंवा मन धावायला तयार नसेल, तर त्या माणसाने काय करावे? या प्रश्नांच्या उत्तराची पहिली खूण १९५३ मध्येच लंडनच्या बसगाड्यांत सापडली होती. धावण्याच्या लाटेत ती झाकली कशी गेली आणि पुन्हा कोणी शोधली, त्याची ही हकिगत.

३/
लंडनमधील संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुमजली बसवरील कामगारांच्या प्रकृतीची तुलना केली. चालक दिवसभर आसनावर बसलेला. वाहक मात्र तिकिटे देत सतत वरखाली करणारा, दिवसाला सुमारे ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. बेस्टच्या जुन्या दुमजली बसमधला वाहक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले : वाहकांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी होत होता आणि झालाच तर तो कमी घातक ठरत होता.

४/
यातले मर्म असे की त्या वाहकांच्या कामात धावणे नव्हतेच. त्या काळी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगत. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत पॉल डडली व्हाइट हे हृदयरोगतज्ज्ञ होते. हृदयाला विश्रांतीइतकीच हालचालही हवी, असे व्हाइट आग्रहाने सांगत. त्यांचा स्वतःचा आवडता व्यायाम होता सायकल चालवणे आणि चालणे.

५/
म्हणजे आरंभ पायऱ्या, सायकल आणि चालण्यापासून झाला होता. धावणे मध्यभागी आले ते न्यूझीलंडमधून. ऑकलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळवली. त्यानंतर लिडियार्ड यांनी सामान्य मध्यमवयीन माणसांकडे लक्ष वळवले. श्वास न फुलता, गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीने धावायचे, ही त्यांची शिकवण. १९६२ मध्ये ऑकलंडमध्ये असे धावणाऱ्यांचा क्लबच उभा राहिला.

६/
१९६२ च्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन ऑकलंडला गेले. लिडियार्ड यांच्या मंडळींबरोबर ते धावायला निघाले आणि मागे पडले. त्यांना सोबत करायला थांबला तो सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके पचवलेला एक वृद्ध! ५१ वर्षांचे बॉवरमन ओशाळले. परतल्यावर त्यांनी ओरेगॉनमध्ये असेच वर्ग सुरू केले आणि १९६७ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने ‘जॉगिंग’ हे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले.

७/
पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ आले. १२ मिनिटांत माणूस किती अंतर कापतो, त्यावरून त्याची तंदुरुस्ती मोजण्याची चाचणी कूपर यांचीच. त्यांनी प्रत्येक व्यायामाला गुण दिले आणि आठवड्याला ३० गुण मिळवावेत असे सांगितले. त्या तक्त्यात धावण्याबरोबर पोहणे, सायकल, चालणे आणि हँडबॉलसारखे खेळही होते. मार्ग अनेक होते. निवड वाचकाची होती.

८/
पण थोड्या वेळात भरपूर गुण देणारा आणि साधनांवाचून जमणारा मार्ग धावण्याचा. वाचकांनी तोच उचलला. ब्राझीलच्या फुटबॉल संघाने १९७० च्या विश्वचषकाच्या तयारीत कूपर यांची पद्धत वापरली आणि पुढे तेथील पोर्तुगीज भाषेत जॉगिंगलाच ‘कूपर करणे’ असे म्हणू लागले. अनेक व्यायामांचा तक्ता मांडणाऱ्या माणसाचे नाव एका भाषेत एकाच व्यायामाला चिकटले.

९/
१९७२ मध्ये म्यूनिक ऑलिंपिकची मॅरेथॉन फ्रँक शॉर्टर यांनी जिंकली आणि अमेरिकेत लाट उसळली. १९७७ मध्ये जिम फिक्स यांचे धावण्यावरील पुस्तक आले आणि प्रचंड खपले. फिक्स यांची कहाणी वाचकाला आपलीशी वाटणारी होती. पस्तिशीतले स्थूल, धूम्रपानाचे व्यसन जडलेले गृहस्थ. टेनिस खेळताना पाय दुखावला, तो सुधारावा म्हणून हळूहळू धावू लागले. वजन उतरले, सिगारेट सुटली. त्यांच्या वडिलांना पहिला झटका ३५ व्या वर्षी आला होता आणि ४३ व्या वर्षी ते हृदयविकाराने गेले होते. हे भय त्या धावण्यामागे होते.

१०/
मात्र लाटेत उतरलेल्या अनेकांच्या नडग्या, घोटे, टाचा आणि गुडघे कुरकुरू लागले. कारण सरळ आहे. चालताना एक पाय नेहमी जमिनीवर असतो. धावताना प्रत्येक पावलागणिक दोन्ही पाय क्षणभर अधांतरी असतात आणि उतरणाऱ्या पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका भार येतो. सवय झालेले, हळूहळू तयार केलेले शरीर तो भार पेलते. घाईने रस्त्यावर उतरलेल्या, आधीच दुखऱ्या शरीराला तो जड जातो. यापुढचा इतिहास मुख्यतः अशाच माणसांनी घडवला.

११/
त्यातही पुढाकार स्त्रियांचा होता. १९६९ मध्ये हवाई दलातील अधिकाऱ्याच्या पत्नी जॅकी सोरेन्सन पोर्तो रिकोच्या तळावर राहत होत्या. तेथील स्त्रियांसाठी व्यायामाचा कार्यक्रम बसवण्याचे काम त्यांच्याकडे आले. कूपर यांचे पुस्तक वाचून त्यांनी ती १२ मिनिटांची चाचणी स्वतः दिली. धावण्याचा सराव नसतानाही निकाल उत्तम आला. त्यांच्या ध्यानी आले की वर्षानुवर्षांच्या नृत्याने हृदय आणि फुप्फुसे आधीच कमावली होती. त्यातून ‘एरोबिक डान्सिंग’ जन्मले.

१२/
त्याच वर्षी शिकागोजवळच्या एव्हन्स्टन येथे जॅझ नर्तकी ज्युडी शेपर्ड मिसेट यांच्या वर्गातून विद्यार्थिनी गळू लागल्या होत्या. विचारल्यावर कळले की त्यांना नर्तकी व्हायचे नव्हते. केवळ नर्तकीसारखे सुडौल दिसायचे होते. मिसेट यांनी नियमांचा काच कमी केला आणि विद्यार्थिनींना आरशाकडे पाठ करून उभे केले. चुका दिसेनाशा झाल्या, संकोच गेला, गंमत उरली. हाच वर्ग पुढे ‘जॅझरसाइझ’ म्हणून जगभर पसरला. व्यायाम टिकण्यात आनंदाचा वाटा केवढा, हे येथे स्पष्ट दिसते.

१३/
तरीही नृत्याने सगळे प्रश्न सुटले नाहीत. १९८२ मध्ये अभिनेत्री जेन फोंडा यांची व्यायामाची व्हिडिओफीत घरोघरी पोहोचली. चित्रीकरणात पाऊल मोडल्याने बॅले सोडावे लागल्यावर त्या या व्यायामाकडे वळल्या होत्या. पण कठीण फरशीवर, संगीताच्या तालावर तासन्‌तास उड्या मारणाऱ्यांच्याही नडग्या धावणाऱ्यांसारख्याच दुखू लागल्या. तेव्हा एक साधा नियम रुळला : एक पाय सदैव जमिनीवर ठेवावा, उडीची उणीव हातांच्या आणि बाजूच्या हालचालींनी भरून काढावी. हेच ‘लो-इम्पॅक्ट’, म्हणजे कमी आघाताचे एरोबिक्स. १९८६ मध्ये फोंडा यांनीही तशी फीत काढली.

१४/
आता पुन्हा १९८४ चा उन्हाळा. फिक्स यांच्या शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्यांत गंभीर अडथळे आढळले. धावण्याचे विरोधक हर्षले, समर्थक हादरले. कूपर यांनी पुढच्याच वर्षी या मृत्यूचा ऊहापोह करणारे पुस्तक लिहिले. वारसा, जुने व्यसन आणि तपासणीची टाळाटाळ यांचा हिशेब केवळ धावण्याने मिटत नाही, हा त्यातला धडा. आठवड्याला सुमारे २४ किलोमीटरहून अधिक धावणारा माणूस तंदुरुस्तीखेरीज दुसऱ्याच कशासाठी तरी धावत असतो, असे कूपर सांगू लागले.

१५/
आणि जोन बेनॉइट? अमेरिकेच्या निवड-मॅरेथॉनला १७ दिवस उरले असताना त्यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. लगेच धावणे अशक्य. मग सायकलची पायटे हातांनी फिरवून त्यांनी हृदयाचा दम राखला. १२ मे रोजी निवड-शर्यत जिंकली आणि ऑगस्टमध्ये २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत सुवर्णपदक. जगातील सर्वोत्तम धावपटूलाही धावण्याचा पर्याय लागला, आणि हृदयाने पाय व हात यांत भेद केला नाही. त्याच दशकात पाण्यात उभे राहून धावण्याची पद्धतही जखमी खेळाडूंमध्ये रूढ होत गेली. मानेपर्यंतच्या पाण्यात पायांवर वजनाचा जेमतेम दहावा भाग उरतो.

१६/
१९८० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्जिया राज्यातील एरोबिक्स प्रशिक्षक जिन मिलर यांचा गुडघा दुखावला. स्नायू बळकट करण्यासाठी दुधाच्या बाटल्या ठेवायच्या खोक्यावर चढ-उतार करा, असा सल्ला मिळाला. कंटाळा येऊ नये म्हणून मिलर यांनी त्याला संगीताची जोड दिली आणि त्यातून ‘स्टेप एरोबिक्स’ आकाराला आले. उत्तर फिरून लंडनच्या बसमध्येच येऊन पोहोचले : एक पायरी, वर आणि खाली.

१७/
फिनलंडची वाट आणखी निराळी. तेथील स्की खेळाडू बर्फ नसलेल्या ऋतूत हातात स्कीच्या काठ्या घेऊन चालत, डोंगर चढत. खेळाडूंचा हा सराव १९९७ च्या सुमारास खास बनवलेल्या काठ्यांसह सामान्यांपर्यंत आला आणि ‘नॉर्डिक वॉकिंग’ म्हणून युरोपभर गेला. काठ्यांमुळे खांदे आणि दंड कामाला लागतात, साध्या चालण्यापेक्षा अधिक दम लागतो, आणि दोन्ही पाय अधांतरी कधीच जात नाहीत. वयस्क माणसांनी तो विशेष आपलासा केला.

१८/
शास्त्राचा कौल १९८९ मध्ये आला, तोही डॅलस येथील कूपर यांच्याच संस्थेतून. स्टीव्हन ब्लेअर आणि सहकाऱ्यांनी १३,३४४ स्त्री-पुरुषांचा सरासरी ८ वर्षे मागोवा घेतला. मृत्यूच्या प्रमाणात सर्वांत मोठी घट दिसली ती अगदी तळाचा गट आणि त्याच्या लगतचा गट यांच्यामध्ये. तेवढी एक पायरी चढायला बहुतेकांना रोजचे झपाझप चालणे पुरते. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालानेही बहुतेक दिवशी सुमारे ३० मिनिटांच्या मध्यम हालचालीचा पुरस्कार केला.

१९/
या इतिहासातून धावणे खोटे ठरत नाही. ज्याला ते जमते आणि आवडते, त्याच्यासाठी लिडियार्ड यांची संथ वाट आजही खुली आहे. खोटा ठरतो तो एवढाच समज, की धावता येत नसेल तर व्यायामाचे दार बंद झाले. सोरेन्सन, मिसेट, बेनॉइट, मिलर यांच्यापैकी कोणीही सर्वांसाठीचा आदर्श व्यायाम शोधायला निघाले नव्हते. प्रत्येकीने समोरची अडचण पाहिली आणि त्या दिवशी जे करता येईल ते केले.

२०/
जेरी मॉरिस यांच्या वाहकांना तर आपण व्यायाम करतो आहोत याचीही जाणीव नसावी. वरच्या मजल्यावर प्रवासी बसलेले असत, त्यांची तिकिटे काढायची असत, म्हणून ते जिना चढत. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढत, आणि त्यानंतरच्या दिवशीही. ज्यांना तसा जिना रोज चढावा लागत नाही, त्यांनी रोज परत जावेसे वाटेल असे काही शोधायचे, एवढाच फरक. कोणाला ते तलावात सापडेल, कोणाला सायकलवर, तर कोणाला आरशाकडे पाठ केलेल्या नाचात.