जिवंत कलेची जागा

विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात समकालीन कलेचे नवे प्रदर्शन उघडते, तेव्हा पाहणाऱ्याचे लक्ष चित्रांवर असते, आणि ते योग्यच आहे. मी कलाशाळेची पायरी न चढलेला, वाचत-शोधत शिकलेला अभ्यासक. मला आधी प्रश्न पडतो तो भिंतीचा. ही भिंत कोणाची, आणि ती किती दिवस या चित्रांची राहणार? न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एकाच इमारतीने या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

१३ डिसेंबर १९२७ रोजी वॉशिंग्टन स्क्वेअरलगतच्या मुख्य इमारतीत, तळमजल्यावरच्या एका अभ्यासिकेत, ‘गॅलरी ऑफ लिव्हिंग आर्ट’ सुरू झाली. त्याच शहरातले प्रख्यात ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ उघडायला अजून जवळजवळ दोन वर्षे होती. संग्रह अल्बर्ट युजीन गॅलटिन यांचा. ते स्वतः चित्रकार, आणि त्यांचे पणजोबा विद्यापीठाच्या संस्थापकांपैकी एक. ‘लिव्हिंग आर्ट’ म्हणजे आजच्या, आपल्या काळातल्या चित्रकारांची कला. प्रवेश सर्वांना विनामूल्य. विद्यार्थी तिथे वह्या उघडून बसत. मान वर केली की समोर मिरो, लेजे. पिकासोचे ‘थ्री म्युझिशियन्स’ हे मोठे चित्रही पुढे इथेच लागले.

१९४२चा डिसेंबर उजाडला तो युद्धाच्या धामधुमीत. विद्यापीठाला ती जागा ग्रंथालयाच्या कामासाठी हवी होती. गॅलटिन यांना चित्रे हलवावी लागली. संग्रह फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाकडे गेला आणि तिथलाच झाला. या हकिगतीत मला खलनायक शोधावासा वाटत नाही. पुस्तकांनाही जागा लागतेच. पण चित्रे गॅलटिन यांची आणि भिंत विद्यापीठाची, हा हिशोब पंधरा वर्षांच्या सहवासानेही बदलला नव्हता.

दुसरे उत्तर आले ते मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल या गावच्या एका बाईंकडून. अ‍ॅबी वीड ग्रे यांचे पती लष्करी अधिकारी होते. १९५६ मध्ये ते वारले. १९६० मध्ये बाई जगप्रवासाला निघाल्या. पुढच्या वर्षांत इराण, तुर्कस्तान, भारत अशा देशांतल्या हयात कलावंतांची कामे त्या विकत घेत राहिल्या. पाश्चात्त्य कलाबाजारात तेव्हा या नावांना फारसे कोणी विचारत नव्हते. १९७४ मध्ये त्यांनी सुमारे सातशे कलाकृती न्यूयॉर्क विद्यापीठाला दिल्या, आणि नुसत्या कलाकृती नव्हे, तर त्या सांभाळणाऱ्या दालनासाठी निधीही दिला. १९७५ मध्ये ‘ग्रे आर्ट गॅलरी’ उघडली ती गॅलटिन यांची चित्रे जिथे लागत असत, त्याच जागी.

या संग्रहात आपल्या प्रभाकर बरवे यांचे ‘किंग अँड क्वीन ऑफ स्पेड्स’ हे १९६७चे चित्र आहे. ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठी वाचकाला त्यांच्याजवळ घेऊन जाते. पण ते आले १९९० मध्ये. १९६७ साली नागावात जन्मलेला हा चित्रकार जेमतेम एकतिशीचा होता. पुढे २०१९ मध्ये ग्रे यांच्या इराणी, तुर्की आणि भारतीय संग्रहाचे मोठे प्रदर्शन याच दालनात भरले, तेव्हा साठच्या दशकातली ‘नवी’ कला आता इतिहास म्हणून पाहिली जात होती. मधल्या काळात ती कुठेतरी नीट राहिली होती, म्हणूनच हे घडू शकले.

आजची कला उद्याचा इतिहास होते, असे आपण सहज म्हणतो. ती आपोआप होत नाही. तिला कोणीतरी सांभाळावे लागते, आणि सांभाळायला जागा, पगारी माणसे व दरवर्षीचा पैसा लागतो. २०२४च्या मार्चमध्ये ग्रे यांचे दालन ‘ग्रे आर्ट म्युझियम’ या नव्या नावाने कूपर स्क्वेअरच्या मोठ्या जागेत गेले. भिंत याही वेळी सुटली; पण संग्रह विद्यापीठाचाच राहिला आणि नव्या जागेत नवी प्रदर्शने उघडू लागली.

आपल्याकडे एखादे महाविद्यालय कलादालन उघडते तेव्हा फीत कापली जाते, भाषणे होतात. त्या गर्दीत कोणीतरी विचारावे, की पंधरा वर्षांनी ग्रंथालयाला हीच खोली हवी झाली, तर ही चित्रे कुठे जातील?