वाघनखं: अस्सल की नक्कल?

मोहनेकरांनो, शिवजयंती जवळ आली की पोरांना वाघनखं हवीच असतात. घ्या की, नक्कल घेण्यात गैर काय! फक्त 'महाराजांचीच' म्हणून कुणी गळ्यात मारली, तर भुलू नका. अहो, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आलेली वाघनखं अफजलखान वधातलीच (१६५९) आहेत, अशी खात्री ते संग्रहालयही देत नाही. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ, मूळचा स्कॉटलंडचा, त्याला ती भेट मिळाली. महाराजांची म्हणायला आधार काय, तर त्यांच्या पेटीवरचा मजकूर!

प्रतापगडाच्या वाटेवर एका टपरीवाल्याला मी विचारलं, "अस्सल आहे का?" तो हसला. "दादा, अस्सल असती तर मी इथं बसलो असतो का?" त्याच्याकडूनच घेतली.