यवतमाळचें विद्यागृह

कठीण काळ आला म्हणजे घराघरांत पहिला प्रश्न धान्याचा निघतो आणि दुसरा मुलांच्या शाळेचा. धान्याचा प्रश्न त्या त्या वर्षाचा असतो. एक पाऊस चांगला लागला कीं तो मिटतो. शाळेचा प्रश्न तसा नाहीं. दहाव्या वर्षीं जें शिकावयाचें राहिलें तें पंचविसाव्या वर्षीं भरून निघतेंच असें नाहीं. म्हणून राजकारणाच्या धामधुमींत, दुष्काळांत किंवा सांथींत वडील माणसें मुलांच्या वतीनें जे निर्णय घेतात, त्यांचा इतिहास तपासून पाहण्यासारखा असतो. असा एक प्रसंग शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं यवतमाळ शहरांत घडला. हकीकत लहानशी आहे. पण तिच्यांत गुंतलेला प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं असें आम्हांस वाटतें.

१९०५ सालापर्यंत या जिल्ह्यास वणी जिल्हा म्हणत. त्या सालीं वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली, मोडलेल्या वाशीम जिल्ह्यांतील पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्हा यवतमाळच्या नांवानें ओळखला जाऊं लागला. वऱ्हाड प्रांत कागदोपत्रीं निजामाचा. पण १९०२ च्या करारानें तो कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे गेलेला आणि १९०३ पासून मध्यप्रांताच्या कारभारास जोडलेला. १८९९-१९०० च्या दुष्काळाची आठवण लोकांच्या मनांत ताजी होती.

त्याच १९०५ सालीं बंगालची फाळणी झाली. विद्यार्थी सभांस जाऊं लागले, तेव्हां बंगाल सरकारनें कार्लाइलच्या नांवानें गाजलेलें परिपत्रक काढून शाळांचीं अनुदानें व शिष्यवृत्त्या बंद करण्याचा धाक घातला. दोन वर्षांनीं, १९०७ सालीं, हिंदुस्थान सरकारच्या रिस्ले परिपत्रकानें विद्यार्थ्यांच्या राजकीय हालचालींवर देशभर निर्बंध आणले. इकडे मार्च १९०६ मध्यें कलकत्त्यास राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली होती, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखालीं तेथेंच भरलेल्या काँग्रेसनें राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव मंजूर केला होता. राष्ट्रीय शिक्षण म्हणजे काय, तर सरकारी अनुदान नको, सरकारी तपासणी नको. अभ्यासक्रम आपला आणि शक्य तेथें भाषाही आपली. या विचाराच्या ज्या शाळा महाराष्ट्रांत व वऱ्हाडांत निघाल्या, त्यांतच यवतमाळचें विद्यागृह होतें. तपस्वी बाबासाहेब परांजपे हे तें चालवीत.

या विद्यागृहांत १९०८ च्या सुमारास नागपूरहून एक विद्यार्थी आला. तेथील नील सिटी हायस्कुलांत, तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यासमोर मुलांनीं ‘वंदे मातरम्’चा घोष केला होता. शाळा कांहीं काळ बंद राहिली; पुढें बहुतेक मुलें वर्गांत परत बसलीं, पण केशव बळिराम हेडगेवार यांचें नांव पटावरून गेलें. पुढें १९२५ सालीं नागपुरांत राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन करणारे डॉ. हेडगेवार ते हेच. त्यांच्या पुढील कार्याविषयीं वाचकांचीं मतें कशींही असोत. येथें आपल्याला पाहावयाचा आहे तो अठरा-एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी. त्याचे आई-वडील १९०२ च्या सुमारास प्लेगांत एकाच दिवशीं वारलेले. ‘माफी मागून वर्गांत बस’ असें हक्कानें सांगणारा बाप त्यास नव्हता, आणि ‘तूं केलेंस तें योग्यच’ असें म्हणून पाठीवर हात ठेवणारी आईही नव्हती.

सरकारी दडपणाखालीं यवतमाळचें तें विद्यागृह लौकरच बंद पडलें. केशवरावांनीं पुण्यास जाऊन अभ्यास पुरा केला आणि बंगालच्या राष्ट्रीय परिषदेची परीक्षा दिली. १९१० सालीं ते कलकत्त्याच्या राष्ट्रीय वैद्यक महाविद्यालयांत दाखल झाले. म्हणजे नागपूरची शाळा सुटलेल्या मुलास शिक्षणासाठीं यवतमाळ, पुणें आणि कलकत्ता अशी यात्रा करावी लागली. तेथून मिळालेल्या पदवीची मातबरी सरकारदरबारीं किती होती, तें १९१६ च्या कायद्यानें दिसून आलें. मान्यता नसलेल्या संस्थांनीं पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदव्या देऊं नयेत, असा तो कायदा होता.

राष्ट्रीय शाळेची खरी किंमत ही अशी होती. ती वर्गणीच्या रुपयांत मोजतां येत नाहीं. सरकारी नोकरी, वकिली, डॉक्टरी या साऱ्या वाटा मॅट्रिकच्या एका कागदावरून जात, आणि तो कागद राष्ट्रीय शाळेपाशीं नव्हता. मध्यम स्थितीच्या घरांत तोच कागद म्हणजे शेत आणि तोच वाडा. अशा घरच्या बापानें मुलास राष्ट्रीय शाळेंत घालण्यापूर्वीं दहा वेळां विचार केला, तर त्यास भ्याड म्हणण्याचा अधिकार आम्हांस आहे असें वाटत नाहीं.

कोणी म्हणेल, देशकार्यास त्याग हवाच. हें खरें. पण त्याग कोणाचा? टिळकांपाशीं सरकारमान्य विद्यापीठाची बी. ए. व एल्‌एल्. बी. ची पदवी होती. वणीस जन्मलेले आणि पुढें लोकनायक म्हणून प्रसिद्धीस आलेले बापूजी अणे यांनीं आधीं अमरावतीस शिक्षकाचें काम केलें आणि मग कायद्याची पदवी घेऊन ऐन याच दिवसांत यवतमाळांत वकिलीस आरंभ केला. आम्ही या थोर पुरुषांस दोष देत नाहीं. १९०८ सालीं टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि १९३० सालीं पुसदच्या रानांत बापूजींनीं स्वतः कायदा मोडला. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्यांनीं जें पणास लावलें तें हातीं आलेलें होतें. मुलांस जें पणास लावावयास सांगितलें तें त्यांच्या हातीं अजून यावयाचें होतें.

हा भेद त्या काळीं कोणाच्याच ध्यानांत आला नाहीं असें मात्र नव्हे. रवींद्रनाथ ठाकुरांनीं पुढें १९२१ सालीं एका पत्रांत स्वदेशीच्या दिवसांतील आठवण लिहिली आहे. विद्यार्थ्यांचा एक घोळका त्यांच्याकडे आला आणि म्हणाला कीं, आपण आज्ञा करा, आम्ही या क्षणीं शाळा-कॉलेजें सोडतों. रवींद्रनाथांनीं साफ नकार दिला, आणि मुलें त्यांच्या देशप्रेमाविषयीं शंका घेत रागानें निघून गेलीं. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळींत जो स्वतः वावरला होता, त्याचा हा नकार आहे. एक दार बंद करावयास सांगण्यापूर्वीं दुसरें उघडें आहे कीं नाहीं, हें पाहणें तो आपलें कर्तव्य समजत होता.

तें दुसरें दार टिकविणें किती कठीण होतें, हें तळेगांवच्या समर्थ विद्यालयावरून दिसतें. प्रो. विष्णु गोविंद विजापूरकर यांनीं १९०६ सालीं आरंभिलेली ही संस्था यवतमाळच्या विद्यागृहाहून पुष्कळ भरभक्कम होती. पण ‘विश्ववृत्त’ मासिकांतील एका लेखावरून विजापूरकरांस कारावास झाला, आणि १९१० सालीं सरकारनें विद्यालयच बंद केलें. बंगालमध्येंही राष्ट्रीय शाळांची पहिली लाट लौकर ओसरली. टिकली ती मुख्यतः हाताला काम शिकविणारी तांत्रिक शाखा, आणि तिच्यांतूनच पुढें १९५५ सालीं जादवपूर विद्यापीठ झालें. त्या शाखेंतून निघणाऱ्या मुलाच्या हातीं कागद नसला तरी कसब होतें. पोट भरण्याची सोय जेथें होती तेथें राष्ट्रीय शिक्षण जगलें, हा योगायोग नव्हे.

१९२० च्या डिसेंबरांत नागपूर काँग्रेसनें असहकाराचा ठराव केला, त्यांत मागील ठेंच लागल्याची खूण दिसते. सोळा वर्षांखालील मुलांस शाळेंतून काढण्याचें आवाहन मुलांस नव्हे, त्यांच्या आईबापांस होतें, आणि तसें स्पष्ट शब्दांत लिहिलें होतें. सोळा वर्षांवरील विद्यार्थ्यांस मात्र, परिणामांची वाट न पाहतां शाळा सोडा, असें सांगितलें होतें. सोळा हा आंकडा बरोबर कीं चूक हा वाद निराळा. पण मुलाच्या त्यागाचें उत्तरदायित्व कोणावर, हा प्रश्न त्या ठरावानें निदान मांडला तरी.

येथवर आम्ही ज्या घरांविषयीं बोललों, त्यांच्यापाशीं सोडावयास शाळा होती. याच जिल्ह्यांतील पुष्कळ घरांपाशीं तीही नव्हती. पुसद तालुक्यांतील गहुली या बंजारा वस्तींत १ जुलै १९१३ रोजीं वसंतराव नाईक जन्मले. त्यांचें प्राथमिक शिक्षण एका गांवीं झालें नाहीं. पोहरागड, उमरी, भोजला, बान्सी अशा खेड्यांच्या शाळा त्यांनीं पालथ्या घातल्या. मग अमरावती, आणि मग नागपूरचें तेंच नील सिटी हायस्कूल. १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचें मुख्यमंत्रिपद त्यांनीं सांभाळलें. तांड्याच्या नाइकाचें घर होतें म्हणून हें साधलें. बाकीच्या मुलांचें काय झालें असेल, याचा तर्क वाचकांनींच करावा. ज्या शाळेचा दरवाजा एका मुलानें मानासाठीं मागें टाकला, त्याच दरवाजाशीं पोंचण्यासाठीं दुसऱ्यास चार गांवें धुंडावीं लागलीं. दोघांचाही काळ कठीणच होता. पण पहिल्या कष्टाचीं चरित्रें झालीं, दुसऱ्याची मोजदादही नीट झाली नाहीं.

मार्च २०२० मध्यें सांथीमुळें महाराष्ट्रांतील शाळांस कुलपें लागलीं, तेव्हां शिक्षणखात्यानें ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा केली. घोषणा उत्तम होती. परंतु ज्या घरीं मोबाईल एकच आणि तोही बापाबरोबर शेतावर गेलेला, तेथें शाळा बंद म्हणजे शिक्षणही बंद, हें कोणीही सांगूं शकेल. यवतमाळच्या विद्यागृहाचें दार लागलें तेव्हांही प्रश्न हाच होता. केशवराव पुण्यास जाऊं शकले. त्यांच्या बांकावर शेजारीं बसलेल्या साऱ्यांसच पुण्याची वाट परवडली असेल असें धरून चालतां येत नाहीं.

शाळा सरकारनें बंद केली, सांथीनें केली, दुष्काळानें केली कीं आम्हीं स्वतः तत्त्वासाठीं केली, याचा विचार मोठ्यांच्या सभेंत अवश्य व्हावा. पण ती सभा उठण्यापूर्वीं एका प्रश्नाचें उत्तर कोणीतरी दिलें पाहिजे: उद्यां सकाळीं हीं मुलें कोणापाशीं बसणार?