कागदभरित विघटनशील प्लॅस्टिक

वापरलेल्या कागदाचे तंतू किंवा भुकटी भरणद्रव्य म्हणून मिसळून तयार केलेले, कुजू शकणारे संमिश्र प्लॅस्टिक. त्यात आधारद्रव्य म्हणून बहुधा पॉलिलॅक्टिक अम्ल (पीएलए) किंवा पॉलिब्युटिलीन ॲडिपेट टेरेफ्थॅलेट (पीबीएटी) वापरतात. ही बहुवारिके पॉलिथिनपेक्षा महाग असल्याने रद्दी मिसळली की खर्च उतरतो. वस्तूचा ताठपणा वाढतो, मात्र लवचिकता घटते. पुन्हापुन्हा लगदा केल्याने आखूड झालेले, कागदाला निरुपयोगी ठरणारे तंतूही येथे चालतात, हे या पद्धतीचे मोठेच बळ आहे.

निर्मितीतली खरी कसोटी पाण्याची असते. नेहमीच्या कागदात वजनाच्या ५ ते ८ टक्के ओलावा असतो आणि वितळलेल्या पीएलएच्या लांब साखळ्या तो तोडतो. म्हणून दळलेली रद्दी आधी कडक सुकवतात. दळलेला कागद कापसासारखा फुगीर असल्याने यंत्राच्या नरसाळ्यातून नीट उतरत नाही. त्याच्या दाबून गोळ्या करतात. मग दुहेरी स्क्रूच्या एक्स्ट्रूडरमध्ये तो पीएलएशी मिसळून दाणा काढतात. पीएलए साधारण १५० ते १८० अंश सेल्सिअसला वितळते, तर २०० अंशांपुढे सेल्युलोज करपू लागते. त्यामुळे तापमानाला फारशी मोकळीक नसते. सेल्युलोजला पाण्याची ओढ, पीएलएला नाही. दोहोंची पकड घट्ट व्हावी म्हणून मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेले पीएलए थोडे घालतात.

कागद कुजतो म्हणून सारी वस्तू कुजते, असे मुळीच नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये जी. जे. एल. ग्रिफिन यांनी पॉलिथिनमध्ये स्टार्च मिसळला होता. अशा मालातला स्टार्च सूक्ष्मजीव खातात, पॉलिथिन मात्र तुकड्यांच्या रूपात मातीत उरते. रद्दी घातलेल्या पॉलिथिनचेही तेच होते. अशा मालाला ‘विघटनशील’ म्हणणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. पीएलएलाही सुमारे ५८ अंशांचे औद्योगिक कंपोस्ट लागते. परसातल्या थंड खड्ड्यात ते दीर्घकाळ तसेच राहते. भारतात कंपोस्टयोग्य प्लॅस्टिकला आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागू असून विक्रीपूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

रद्दीसोबत शाई, चिनी माती आणि कॅल्शियम कार्बोनेटही येतात. वर्तमानपत्राच्या शाईतील खनिज तेले अन्नात उतरू शकतात. म्हणून असा माल ताटवाट्यांऐवजी रोपवाटिकेच्या कुंड्या व पॅकिंगचे साचे यांसाठीच योग्य.